सतरा नंबरची फिल्म

१

एक ऑक्टोबरला ताडोबाचं जंगल पावसाळ्याच्या बंदीनंतर पुन्हा उघडलं, आणि त्याच सकाळी मोहर्ली गेटवरच्या फळ्यावर बायनाबाई रामटेकेंच्या नावावर आडवी रेघ मारलेली होती. रेघेपुढे खडूनं लिहिलं होतं, 'अनफिट'. खाली नवं नाव: रिना मडावी.

या हंगामापासून पर्यटकांना पायी फिरवण्याची एक नवी वाट सुरू व्हायची होती. तिच्या प्रमुख म्हणून बायनाबाईंचं नाव ऑगस्टातच ठरलं होतं. वय एक्कावन्न, गाइडचं काम अकरा वर्षं, चार लेकरांची आई. नागपूर-पुण्याचे लोक गाडीतून उतरता उतरता त्यांचं नाव घेऊन विचारायचे. आणि आता पंधरवड्यापूर्वीच्या हाडांच्या शिबिराचा कागद सांगत होता की त्यांच्या उजव्या खुब्याच्या हाडाला बारीक चीर आहे, हाड झिजलेलं आहे, चालण्याचं काम बंद.

रिना बत्तीस वर्षांची. तीही गाइडच. ती खाकी शर्टाची बाही दुमडत गेटपाशी आली तशा बायनाबाई तिच्यावर धावून गेल्या.

"माह्या फोटोत तूच कायतरी केलं! माही जागा पाह्यजे होती ना तुले?"

"बाई, मी कायले करू?" रिनाचा चेहरा उतरला. "मले तं कालच सांगतलं सायबानं."

"चोरटी!"

सफारीच्या बारा जिप्सी गाड्या रांगेत उभ्या होत्या. सगळ्यांनी ऐकलं. बायनाबाईंचे यजमान लहानू रामटेके, तेही तिथले जुने गाइड, पुढे आले आणि बायकोचा हात धरून तिला बाजूला नेलं.

"जाऊ दे ना बाप्पा. पन्नाशीनंतर बाईचं हाड झिजतेच. आता आराम कर घरी."

बायनाबाई घरी गेल्या नाहीत. एक्स-रेचं पाकीट काखेत मारून त्यांनी चंद्रपूरची बस धरली आणि शिबिरात ज्यांनी फोटो काढले होते त्या बाईंना शोधत दवाखान्याच्या एक्स-रे खोलीपर्यंत पोचल्या. नाहीद शेख तिथे बावीस वर्षं तंत्रज्ञ होत्या.

"मॅडम, तुमीच फोटो काढला होता ना माहा? हे हाड माहं नाई."

असं म्हणणारे पेशंट नाहीदनं पुष्कळ पाहिले होते. "बाई, सुरुवातीला सगळ्यांना असंच वाटतं."

"मी आज पहाटं तळ्यावर जाऊन आली. सहा किलोमीटर. खुबा चिरलेली बाई चालंल काय?"

नाहीदनं पाकिटातून फिल्म काढली आणि दिव्याच्या पेटीवर लावली. उजव्या खुब्यातली चीर लगेच दिसली, केसाएवढी. मग तिची नजर चिरेवरून मध्यभागी सरकली आणि तिथेच थांबली. तिनं चष्मा काढून पुसला, परत घातला.

"बाई," ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही बरोबर आहात. हे हाड तुमचं नाही. हे कोणत्याच बाईचं नाही."

२

"म्हंजे?"

"हे पाहा." नाहीदनं पेन्सिलीनं दाखवलं. "खालच्या बाजूला दोन हाडं जिथे मिळतात, तिथली ही जागा. किती निमुळती आहे! बाईची ही जागा रुंद असते, कमानीसारखी. लेकरू तिथून बाहेर येतं म्हणून. आणि वरचं हे भोक बाईचं गोल असतं. याचं विड्याच्या पानासारखं दबलेलं आहे. हे पुरुषाचं कंबरडं आहे."

बायनाबाई फिल्मकडे पाहत राहिल्या. "मंग डाक्टरले काऊन नाई समजलं?"

नाहीदला उत्तर माहीत होतं, पण ते सांगताना तिला अवघड वाटलं. पाळी गेल्यावर बाईचं हाड फार वेगानं विरळ होतं. पुरुषाचं मुळात जाड, आणि झिजतं तेही सावकाश. म्हणून खुबा मोडून येणाऱ्यांत बायाच जास्त. पाकिटावर 'स्त्री, वय ५१' वाचून शिबिरातल्या हाडांच्या डॉक्टरांनी, सैफनी, चीर पाहिली असणार आणि त्यांना नवल वाटलं नसणार. पुरुषाचं नाव असतं तर ते थबकले असते, दोनदा पाहिलं असतं.

"त्यांनी आधी पाकीट वाचलं आणि मग हाड पाहिलं," ती म्हणाली.

शिबिराच्या दिवशी तिनं गाडीतल्या मशीनवर चौसष्ट जणांचे फोटो काढले होते. घाई होती म्हणून नावं लिहायची नाहीत असं ठरलं होतं. बाहेर मांडवात रजिस्टरवर नाव लिहून प्रत्येकाला आकड्याची चिठ्ठी द्यायची, आत आल्यावर नाहीदनं चिठ्ठीवरचा आकडा मशीनमध्ये टाकायचा. फिल्मवर फक्त आकडा. मग रजिस्टर पाहून पाकिटावर नाव. पाकिटावर सतरा होता, फिल्मवरही सतराच होता.

"म्हणजे पाकिटं बदललेली नाहीत," नाहीद स्वतःशीच बोलली. "नाहीतर आकडे जुळले नसते."

तिनं संगणकावर त्या दिवसाचे फोटो उघडले. सोळा, पुरुष. पंधरा, पुरुष. अठरा...

अठरा नंबरची कमान रुंद होती. हाड पांढरंशुभ्र, भरीव. लहानपणापासून डोक्यावर मोळी आणि कमरेवर घागर वाहिलेल्या बाईचं हाड.

"हे तुम्ही," नाहीद म्हणाली. "इतकं चांगलं हाड या वयात मी फार थोड्यांचं पाहिलंय."

बायनाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी ते पदरानं टिपलं, आणि लगेच आवाज चढला. "अठरा कोणाचा होता?"

"ते रजिस्टरमध्ये असेल. कोणाकडे आहे?"

"मिथुनकडं. तोच लिहून राह्यला होता."

नाहीदनं भराभर पर्स उचलली. बायनाबाईंना वाटलं, आपल्यासाठी एवढी घाई. पण नाहीद त्या दुसऱ्या माणसाचा विचार करत होती. ज्याच्या खुब्यात खरोखर चीर होती त्याच्या हातात 'फिट' लिहिलेला कागद होता. तो जिप्सीतून उड्या मारत असेल. एक चुकीची उडी, आणि ती चीर आरपार जाणार.

३

मिथुन मंडल मुलचेऱ्याकडच्या बंगाली वसाहतीतला. मोहर्लीत जिप्सी चालवायचा. अक्षर मोत्यासारखं म्हणून शिबिराचं रजिस्टर त्याच्याकडे आलं होतं. दोघी मोहर्लीत पोचल्या तेव्हा गाडी धुता धुता त्यानं नाहीदचं म्हणणं ऐकलं आणि पाण्याचा पाइप खाली टाकला.

"मी चूक नाई केली मॅडम. सगळ्यायची सही घेतली आहे. पाहा."

रजिस्टर गाडीतच होतं. सतरा: बायनाबाई रामटेके, पुढे त्यांची सही.

"सही माहीच आहे," बायनाबाई म्हणाल्या.

"म्हणजे तुम्हाला सतराचीच चिठ्ठी मिळाली होती. पण गाडीत माझ्याकडे सतरा घेऊन एक पुरुष आला. मधल्या वेळात चिठ्ठी बदलली." नाहीदनं मिथुनकडे पाहिलं. "मांडवात तुम्ही होतात. बाईंची जागा रिनाला मिळाली याचा तुम्हाला आनंद झाला?"

मिथुनचे कान लाल झाले. त्याला रिना आवडायची, हे गेटवर सगळ्यांना ठाऊक होतं. "झाला," तो म्हणाला. "खोटं कायले बोलू? बाई असल्या की रिनाकडं कोणी पाहत नाई. मले राग येत होता. पण मी टेबलावरून उठलोच नाई. जेवणबी तिथीच केलं. कोणालेही विचारा."

नाहीदनं बोट एक ओळ खाली सरकवलं. अठरा. तिनं नाव वाचलं आणि रजिस्टर पटकन मिटलं.

"काय लिहिलं आहे?" बायनाबाईंनी विचारलं. त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं.

अठरा: लहानू रामटेके.

४

"चुकून झालं असंल," बायनाबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या. "रांगेत आमी संगच होतो. त्या रिनानं गडबड केली. माही चिठ्ठी तिच्यापाशी होती."

"रिनाकडे कशी गेली?"

"तुमीच सांगतलं होतं ना, अंगावर लोखंड-सोनं नको म्हणून! मी बेल्ट काढला, पोत काढली, पिशवीत टाकली. चिठ्ठीबी पिशवीतच. पिशवी तिच्याजवळ देली आन् बाया कपडे बदलत होत्या तिथी गेली. आत जाताना हाती आली त्या चिठ्ठीवरचा आकडा मी पाह्यलाबी नाई."

रिना कॅन्टीनमागच्या बाकावर बसली होती. सकाळची पहिली तुकडी फिरवून आली होती, पण तोंडावर उत्साह नव्हता. बायनाबाईंना पाहून ती उठून उभी राहिली.

"अजून काही म्हनाचं राह्यलं काय, बाई?"

"तुम्ही बसा," नाहीद म्हणाली. "मला फक्त पिशवीचं सांगा."

"पिशवी मी पाच मिनिटंबी नाई धरली. लहानूकाका आले. म्हणे, दे, तिचा नंबर लागते आता. मी देली."

"ते काय करत होते?"

"मोहाच्या झाडाखाली बसून होते. सगळे उभे, काका बसून. ते बसले होते म्हणून सगळे त्यायच्याचजवळ ठेवत होते सामान. कोलूभाऊची पिशवी, जंगूचा बेल्ट, देवरावकाकाची हातघडी. पाच-सहा जणाच्या पिशव्या आन् चिठ्ठ्या त्यायच्या मांडीवर."

"रिनाताई, तुम्हाला बाईंची जागा हवी होती?"

रिना पुन्हा उभी राहिली. मग सरळ बायनाबाईंच्या डोळ्यांत पाहून बोलली. "होती. अजूनबी आहे. बाई समोरून चालल्या की मी जळतो. माही मराठी त्यायच्यापेक्षा चांगली, इंग्रजी येते, पाखरायची नावं जास्त येते मले. तरी लोक बाई बाई करते. पण सगळ्यायसमोर चोरटी म्हटलं तुमी मले. मी चिठ्ठी नाई बदलली."

बायनाबाईंची मान खाली गेली. त्या काही बोलणार इतक्यात गेटकडून इंजिनांचा आवाज आला. दुपारच्या गाड्या सुटत होत्या.

"लहानूभाऊंची आज गाडी आहे?" नाहीदनं विचारलं.

"आहे ना. पहिलीच," रिना म्हणाली.

नाहीद पळत सुटली.

५

लहानू रामटेके जिप्सीच्या पायरीशी उभे होते. वर चढताना त्यांनी डावा पाय आधी टाकला, दोन्ही हातांनी सळई धरली आणि उजवा पाय ओझ्यासारखा मागून ओढला. नाहीदनं ते पाहिलं.

"लहानूभाऊ, थांबा! हलू नका. आहे तिथेच बसा."

लोकांनी त्यांना धरून उतरवलं आणि खुर्चीवर बसवलं. गाडी दुसरा गाइड घेऊन गेली. बायनाबाई, रिना, मिथुन जवळ आले.

"भाऊ, खुबा कधीपासून दुखतो?"

"कुठी दुखते? मले काय झालं?"

"दमा आहे तुम्हाला?"

"आठ वर्षं झाली त्यायले," बायनाबाईंनी उत्तर दिलं. "चिमूरच्या डाक्टरच्या पांढऱ्या गोळ्या घेते रोज. दम लागला की दोन दोन."

नाहीदनं मान डोलावली. तिला हवा होता तो दुवा मिळाला होता. "त्यातल्या काही गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की हाड पोखरतं. पुरुषाचंही. फक्त पुरुषाचं कोणी तपासत नाही. भाऊ, सतरा नंबरची फिल्म तुमची आहे."

लहानूंनी कपाळावरचा घाम पुसला. "मंग चिठ्ठ्या बदलल्या असंल. चुकून. दोन्ही माह्याच हातात होत्या."

"मलाही आधी तसंच वाटलं." नाहीद त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसली. "पण चूक असती तर पाकीट उघडल्यावर तुम्ही बोलला असता. दुखतं तुमचं, चीर निघाली बायकोला. उजव्याच खुब्यात. तुम्हाला त्याच क्षणी कळलं. तुम्ही तिला आराम कर म्हणालात."

लहानू उजवी मांडी चोळू लागले.

"बरं, काम जाईल या भीतीनं आजार लपवला, असं मानू. तसं करणारी खूप माणसं मी पाहते. पण तुमच्या मांडीवर पाच-सहा जणांच्या चिठ्ठ्या होत्या. कोलू, जंगू, देवराव, बाकी सगळे पुरुष. त्यांच्यातली कोणाचीही घेतली असती तर मला जन्मात कळलं नसतं. पुरुषाचं हाड पुरुषाच्या नावावर गेलं असतं. त्यांतून तुम्ही एकुलत्या एक बाईची चिठ्ठी काढलीत. भाऊ, तीच का?"

कॅन्टीनमधला माणूस कपबशा विसळायचा थांबला.

नाहीदला उत्तर साधारण कळलं होतं. तिची मोठी बहीण अदीबा डॉक्टरकीला लागली तेव्हा घरात पेढे वाटले होते, आणि नाहीदनं स्वयंपाकघरात उभं राहून मनापासून इच्छा केली होती की तिनं शेवटच्या परीक्षेत नापास व्हावं. ज्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही त्याचा असा मत्सर वाटत नाही, हे तिला तेव्हापासून माहीत होतं.

"तिले जंगल मी दाखवलं," लहानू शेवटी बोलले. "वांदर कसा ओरडते, सांबर कसं ओरडते, वाघ कोणत्या वाटेनं जाते. सगळं मी. ती घरात भाकरी थापत होती. आता गाडी येते, लोक उतरते, आन् मलेच विचारते, बायनाबाई कुठी आहेत? पेपरात फोटो आला. मी बाजूले उभा होतो. माहं कोपर तेवढं आलं."

"तेवढ्यासाठी?" बायनाबाई पुटपुटल्या.

"मी म्हटलं, ती घरी राहील. पह्यल्यासारखी. मी संध्याकाळी येईन, आज काय दिसलं ते सांगीन, ती ऐकंल." त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. "पह्यले असंच तं होतं."

"मी आठ दिवस रडली," बायनाबाई म्हणाल्या. "तुमी मले चहा करून पाजला. पाय दाबून देले. मी म्हटलं, काय माणूस भेटला मले!" त्यांचा आवाज फाटला. "माहं हाड तुमी सडवलं सगळ्या गावासमोर. अन् त्या पोरीले मी चोरटी म्हटलं."

लहानू उठायला गेले. बहुधा तिच्याकडे जायला. नाहीद आणि मिथुननं त्यांना दोन्ही बाजूंनी धरलं, पण उजवा पाय टेकताच ते ओरडले आणि पांढरेफटक पडले.

"झोपवा त्यांना! पाय हलवू नका," नाहीद म्हणाली. "मिथुन, गाडी आण. सरळ चंद्रपूर."

६

चीर वाढली होती, पण हाड जागचं सरकलं नव्हतं. स्क्रू टाकून भागेल असं डॉक्टर सैफ म्हणाले. ते तरुण होते आणि चूक मान्य करायला त्यांना वेळ लागला नाही. बायनाबाईंना त्यांनी 'फिट'चा कागद स्वतःच्या हातानं लिहून दिला.

"अजून एक सांगतो बाई. खुबा बायांचा जास्त मोडतो हे खरं. पण पुरुषाचा मोडला तर तो त्याला जास्त जड जातो. पहिलं वर्ष सांभाळायचं असतं. दम्याच्या गोळ्यांचं मी त्या डॉक्टरांशी बोलतो. अचानक बंद करू नका."

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलं. बायनाबाईंनी संमतीच्या कागदावर सही केली आणि चिमूरला दिलेल्या मुलीला, कमळाला, बोलावून घेतलं.

"कमळा बसंल तुमच्यापाशी," त्या पलंगाशी उभ्या राहून म्हणाल्या. "मले उद्या सकाळी वाटेवर जायचं आहे. सायबाचा फोन आला होता."

लहानूंनी तिचा पदर धरला. "मले भेव लागते. उद्याच्या दिवस नको जाऊ."

"जाते."

"घरी येशील ना मंग?"

बायनाबाईंनी पदर सोडवून घेतला. "तुमचा पाय चालता करीन मी. तेवढं करीन. पुढचं मले आज नाई माहीत."

सकाळी पर्यटकांची तुकडी घेऊन त्या निघाल्या. रिनाला त्यांनीच सोबत मागून घेतलं होतं. सगळी वाट दोघी कामापुरत्याच बोलल्या. बांबूच्या बेटापाशी कोणीतरी विचारलेल्या पाखराचं नाव बायनाबाईंना आलं नाही. त्यांनी रिनाकडे पाहिलं, रिनानं ते सांगितलं आणि लोक तिच्याभोवती जमा झाले. बायनाबाई मागे उभ्या राहिल्या. छातीत काहीतरी टोचलं. असंच टोचत असेल कमळाच्या बापाला, हा विचार आला, आणि तो त्यांना मुळीच आवडला नाही.

जंगलात फोन लागत नव्हता. गेटवर परतल्यावर कमळाचा निरोप आला: ऑपरेशन झालं, बाबा शुद्धीवर आहेत, पाणी मागत आहेत.

बायनाबाई मटकन बाकावर बसल्या आणि तोंडावर पदर घेऊन रडल्या. रिना जरा अंतर ठेवून बसून राहिली.

"मी सगळ्यायसमोर म्हटलं तुले," बायनाबाई म्हणाल्या. "आता सगळ्यायसमोर म्हणतो. माही चूक झाली." त्यांनी आवाज चढवून तेच गाडीवाल्यांकडे पाहून पुन्हा सांगितलं. मिथुननं हॉर्न वाजवला, मग लाजून थांबला.

"चंद्रपूरची बस सुटते आता," रिना म्हणाली. "दुपारची तुकडी मी नेतो. पण पाह्यजा बाई, लोकायले मी आवडली तं तुमची जागा मीच घेईन."

बायनाबाईंनी पिशवी उचलली.

"घेजो," त्या म्हणाल्या. "पण समोरून घेजो."

आणि खाकी कपड्यांतच, बूटही न बदलता, त्या बसच्या दिशेनं चालू लागल्या.